सालींचा डबा

दुधीच्या साली थेट त्याच्या डोक्यावर पडल्या.

हौसानं त्या रोजच्यासारख्याच मागच्या गॅलरीतून खाली भिरकावल्या होत्या. कामतघरच्या त्या चाळीत सगळ्याच बायका तसं करायच्या. मागं गटार, गटाराला लागून उकिरडा, उकिरड्यावर कुणाच्या तरी शेळ्या... खाली वाकून बघायची गरजच काय? पण त्या सकाळी शेळ्यांऐवजी तिथं एक सायकल उभी होती. सायकलीला दोन्ही बाजूंनी भाजीच्या पाट्या टांगलेल्या आणि हँडल धरून एक उंच, सावळा तरुण. डोक्यावर हिरव्या सालींचं मुंडासं, आणि एक साल कानावरून खाली लोंबलेली, अगदी झुमक्यासारखी!

त्यानं वर पाहिलं. खरं तर हौसानं जीभ चावून आत पळायला हवं होतं. ती हसली. भलत्या वेळी हसू फुटणं ही तिची लहानपणापासूनची खोड. तिच्या आईनं, सीताबाईनं, त्यापायी तिला कितीदा तरी चिमटे काढले होते.

आता हा शिव्या घालणार म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. पण त्यानं कानावरची साल काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि पाटीत टाकली. मग खाली वाकून बाकीच्याही वेचायला लागला.

"ओ! काय करताय?" ती वरून ओरडली.

शेजारच्या शेडमध्ये कापड विणायचे लूम खडखडत होते. ते दिवसभर खडखडायचेच. त्यानं कानामागे हात धरून मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. तेव्हा ती जिना उतरून खाली गेली. का गेली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही.

"लागलं का हो?"

"दुधीच्या सालीनं?" तो म्हणाला. "न्हाय. वरवंटा टाकला असतात तर लागलं असतं."

"आणि या गोळा कशाला करताय? शेळी पाळलीय?"

"जमीन पाळलीय."

"म्हणजे?"

"अंजूरला. खाडीच्या काठाला," तो म्हणाला. "गेल्या पावसात उधाणानं बांध फोडला, खारं पानी आत आलं. आता वरून मीठ फुटतंय, पांढरंफटक. काय बी उगवत न्हाय. म्हनून खड्डा खनलाय. पालापाचोला, शेन, असल्या साली, सगलं कुजवायचं, त्याचं खत करून घालायचं. त्यानं मीठ दबतं म्हनतात."

"म्हणतात? म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही?"

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून. "अजून तरी न्हाय. पिकलं की कळंल."

हौसाला ते आवडलं. तिच्या ओळखीच्या सगळ्या पुरुषांना सगळंच आधीपासून ठाऊक असायचं.

"टाकत नका जाऊ," तो सायकल वळवत म्हणाला. "मंगलवारी आन् शनवारी मी या अंगाला बाजारातली भाजी इकाया येतो. ठेवा माझ्यासाठी."

"आणि मला काय मिळणार?"

"कोथिंबिरीची जुडी."

"एवढंच?"

त्यानं क्षणभर विचार केला. "आन्... डोक्यावर साली टाकायची परवानगी."

त्याचं नाव केसरीनाथ. हे तिला कळलं ते बायजाबाईकडून. बायजाबाई शेजारच्या खोलीतली, आणि तिचं माहेर अंजूरचं. "एकुलता एक हाय. घरात तो आन् त्याची आई, आक्का," बायजाबाई म्हणाली, आणि मग डोळे बारीक करून, "तू कशाला इचारतेस गो?"

"साली द्यायच्यात," हौसा म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

शनिवारी तो एक डबा घेऊन आला. वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा, पण त्यानं तो हिरवागार रंगवला होता. वर घट्ट झाकण, झाकणाला खिळ्यानं पाडलेली बारीक भोकं, उचलायला तारेची कडी.

"होडीचा रंग उरला व्हता," तो म्हणाला, आणि उगाचच कडी खालीवर करून दाखवली. "ओट्यावर ठेवा. चिरताना हाताशी राहील. भरला की मी नेईन, दुसरा ठेवून जाईन."

सीताबाईनं तो डबा ओट्यावर पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. "खरकट्याचा डबा? माझ्या ओट्यावर? पाण्याच्या हंड्याशेजारी?"

"खरकटं नाही गं त्यात. साली, देठं, चहाचा चोथा. ताटातलं काही टाकायचं नाही."

"आणि वास?"

वासाचं आईचं खरं निघालं. दोन दिवसांत झाकण उचललं की चिलटांचा ढगच उठायला लागला. बायजाबाई दारात येऊन नाक उडवून गेली, "सीताबाई, तुमच्यात उंदीर मेलाय काय गो?" सीताबाईनं डबा उचलून गॅलरीत ठेवला आणि जाहीर केलं की उद्या तो उकिरड्यावर जाईल, रंगासकट.

हौसा लुमांसाठी घरी बसून कांड्या भरायची. चाकावर सूत गुंडाळता गुंडाळता तिचं डोकं भरधाव चालायचं. त्या दुपारी तिची नजर शेगडीवर गेली. त्यांच्याकडे भुशाची शेगडी होती. वखारीतून लाकडाच्या भुशाचं पोतं यायचं. तिनं डबा रिकामा केला, तळाला भुशाचा थर दिला. मग प्रत्येक वेळी साली टाकल्या की वर मूठभर भुसा, जशी आई मोरांब्याच्या बरणीत साखरेवर फोडी, फोडींवर साखर रचायची. वास पळाला. चिलटंही पळाली. डबा पुन्हा ओट्यावर आला, पण हंड्यापासून हातभर लांब.

आणि एक दिवस सीताबाईनं स्वतःच देवापुढची कोमेजलेली फुलं आणून विचारलं, "हे टाकलं तर चालेल का गं त्या डब्यात? गटारात टाकायचं जिवावर येतं. शेतात तरी जाईल बिचारं."

हौसानं मान खाली घातली, हसू लपवायला.

केसरीनाथनं पुढच्या खेपेला झाकण उघडलं, नाक खुपसलं आणि चमकून वर पाहिलं. "वास कुठं गेला?"

"मी खाल्ला."

"खरं सांगा ना."

"भुसा घातला मधे मधे. ओलं शोषून घेतो."

"कुनी शिकवलं?"

"शेगडीनं."

तो डब्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याचा अंजूरचा खड्डा इतका घाण मारत होता की गावातली माणसं त्या वाटेनं जायची नाहीत. आक्का तर म्हणायची, लोक सोयरीक घेऊन येतील ते वासानंच माघारी जातील. दुसऱ्याच दिवशी त्यानं वखारीतून पोतंभर भुसा नेला.

मग मंगळवार आणि शनिवार हे वार वेगळेच झाले. त्या दिवशी हौसा लवकर उठायची. केस दोनदा विंचरायची. कांड्यांचं सूत सारखं तुटायचं. सायकलची घंटा लुमांच्या आवाजात कुणालाच ऐकू यायची नाही, पण तिला यायची.

आणि केसरीनाथला डबा वाचता यायला लागला.

"काल वांगी केलीवती ना?"

"हो."

"आन् परवा कुनावर तरी राग काढलात."

"हे कसं कळलं?"

"बटाट्याची साल बघा केवढी जाड! निम्मा बटाटा सालीबरोबर आलाय."

बटाटे सोलताना आईशी भांडण झालं होतं, खरंच. हौसानं डोळे मोठे केले. "तुम्ही डबा खतासाठी नेता की आमच्या घरावर पहारा ठेवायला?"

"खतासाठीच," तो म्हणाला. मग डबा सायकलला अडकवत, पाठमोरा, "पहाऱ्याचं... फुकट करतो."

माघातली थंडी होती. खाडीकडून धुकं यायचं आणि शेडच्या जाळ्यांमधून उडणारे सुताचे तंतू त्यात तरंगत राहायचे. तिच्या केसांवर तसा एक तंतू नेहमी असायचा. त्याचा हात एकदा तिथवर गेला, आणि... मधूनच वळून स्वतःच्या डोक्याला लागला.

"काय झालं?"

"काय न्हाय. धुकं हाय ना."

"धुक्यानं डोकं खाजतं?"

"आमच्या अंजूरला खाजतं," तो म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली.

एका मंगळवारी तो जरा जास्तच वेळ घुटमळला. पाटीतली मेथी उगाच या बाजूची त्या बाजूला केली.

"एक इचारू? मागच्या डब्यात फुलं व्हती. झेंडू, जास्वंद... देवाची. त्यात एक अबोलीचा गजरा व्हता."

"असेल."

"देवाला घातलेला?"

हौसानं गॅलरीकडे पाहिलं, गटाराकडे पाहिलं, सगळीकडे पाहिलं. "नाही. माझ्या केसातला होता. सुकला म्हणून टाकला."

"वाटलंच मला." तो सायकलवर बसला. एक पाय जमिनीवर. "तो तेवढा... मी खड्ड्यात घातला न्हाय."

आणि गेला. हौसा रिकामा डबा छातीशी धरून जिन्यात उभी राहिली. बायजाबाई पाणी घेऊन वर येत होती ती म्हणाली, "बाजूला हो गो, का डब्याशी लग्न लागलंय तुझं?"

लग्नाचं बोलणं मात्र दुसरीकडेच चाललं होतं.

हौसाचा बाप, अनंता, त्याच शेडमध्ये जॉबर होता. बिघडलेला लूम कान देऊन ऐकायचा आणि दुरुस्त करायचा. इतकी वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळं त्याला आता माणसांचं बोलणं कमी ऐकू यायचं. कुणाच्या तरी ओळखीनं त्यानं कल्याणचं स्थळ आणलं. मुलगा कारकून, नोकरी कायमची. रविवारी पाहुणे आले. मुलगा वाईट नव्हता. पोहे आवडले म्हणाला, चहा दोनदा घेतला. हौसानं मान वर केली नाही. तिला त्या दिवशी एकदाही हसू फुटलं नाही, आणि सीताबाईला त्याचंच आश्चर्य वाटलं.

मंगळवारी केसरीनाथनं झाकण उघडलं.

हौसाला तो डबा द्यायचाच नव्हता. पण सीताबाई गॅलरीतच उभी होती, नाही म्हणायला कारण काय सांगणार? आत कांद्याच्या सालींचा ढीग होता. चहाचा चोथा, एवढा की थरच बसलेला. पिळलेली लिंबं. कोथिंबिरीची देठं, त्याच्याच जुडीची.

त्यानं बोटानं एकेक थर बाजूला सारला.

"पाव्हने आलेवते."

"हो."

"पोहे?"

"...हो."

त्यानं झाकण लावलं. नेहमी दोन थापा मारून लावायचा. आज नुसतं टेकवलं. "चांगली मानसं असतील," तो म्हणाला.

"असतील," हौसा म्हणाली. तिला खरं तर किती काय म्हणायचं होतं! अजून शब्द दिलेला नाही, मला विचारलेलं नाही, तुम्ही काहीतरी बोला ना... पण वर आई होती आणि समोर तो असा, डोळे आणि ओठ दोन्ही मिटल्यासारखा.

तो रिकामा डबा न ठेवताच गेला.

शनिवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. ओट्यावर डब्याच्या जागी गोल डाग तेवढा राहिला. हौसा साली एका फुटक्या बादलीत साठवत राहिली. भुसा घालायची, झाकायची, आणि आई "टाक गं ते" म्हणाली की ऐकू न आल्यासारखं करायची. बाबांकडून शिकलेली युक्ती. बादली काठोकाठ भरली. कल्याणवाल्यांचा निरोप आला होता. पसंत आहे, तुमचं काय ते कळवा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बायजाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. हातात बादली.

"बायजाबाई, माहेरी कधी गेला नाहीत ना तुम्ही एवढ्यात?"

बायजाबाईनं बादलीकडे पाहिलं. मग पोरीच्या तोंडाकडे. मग काही न विचारता पायात चपला अडकवल्या. "तुझ्या आईला सांगते, भाचीच्या पोराचं बारसं हाय. देव माफ करंल. भाचीला अजून पोर न्हाय, त्याला मी काय करू?"

टांग्यानं नाक्यापर्यंत, तिथून पुढं पायी. खाडीचा वारा अंगावर यायला लागला. बायजाबाई वाटेतच एका ओसरीवर बसली. "त्यो काय त्याचा बांध. जा. मी हितं पाय चोळते."

बांधावर एक बाई गवत कापत होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात विळा. तिनं मान वर केली.

"कोन गो तू?"

"मी... कामतघरहून आले. साली घेऊन."

"साली घेऊन? कामतघरहून? हितवर?" बाई उभी राहिली. तिनं बादलीतला भुसा बोटानं उकरला आणि तिचा चेहरा बदलला. "आगो बाय! तू ती भुसावाली का काय?"

"त्यांनी... सांगितलंय माझ्याबद्दल?"

"दुसरं सांगतो काय तो? भुसावाली असं म्हनली, भुसावाली तशी हसली! माझं कान किटलं." ती आक्का होती. तिनं हौसाचे हात धरून उलटे केले. बोटांवर सुतानं पडलेल्या चिरा बघितल्या. "शेरगावची पोर. शेनामातीत हात घालशील?"

शेजारीच खड्डा होता, वर पेंढा पसरलेला. हौसानं पेंढा बाजूला केला आणि हात कोपरापर्यंत आत घातला. आत ऊब होती. वर आलं ते काळंभोर, भुसभुशीत, चहाच्या पावडरीसारखं मोकळं. कांद्याचा, वांग्याचा, कशाचाच वास नाही. रानात झाडाखालची पानं सारली की येतो तसा थंड, गोड वास फक्त. या सगळ्या तिच्या स्वयंपाकाच्या साली होत्या? तिच्या रागाचे बटाटेसुद्धा?

"तिकडं बघ," आक्का म्हणाली. पांढऱ्या, मीठ फुटलेल्या वावरात मधोमध एक पट्टा हिरवा होता. मेथी, मुळा, आणि कडेला वालाचे वेल. "खत पोचलं तेवढंच हिरवं झालंय. बाकीचं अजून रुसून हाय."

"आणि... ते कुठं आहेत?"

"ते व्हय?" आक्का मोठ्यानं हसली. "ते गेलंय तुझ्या बापसाला भेटाया! म्याच हाकलला सकाली. रोज तोंड पाडून बसतो, जेवत न्हाय. म्हनलं, जा, इचार. न्हाय म्हनला तर न्हाय म्हनंल, बापूस काय खातो का?"

हौसानं बादली तिथंच टाकली आणि पळत सुटली. बायजाबाई मागून ओरडत होती, "अगो, माझ्या पायांचा तरी इचार कर!"

ती कामतघरला पोचली तेव्हा, गल्लीत बराच वेळ घुटमळून, केसरीनाथ नुकताच शेडच्या दारात येऊन उभा राहिला होता. धुतलेला सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस. समोर अनंता, हातात पाना. आत सगळे लूम धडधडत होते आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडत होते.

"काय पायजे म्हणतोस?" अनंता.

"हौसा!" केसरीनाथ.

"हौसा घरी असेल! कचरा न्यायला आलायस ना? जा, वर जा, तिच्याकडून घे!"

"कचरा न्हाय!"

"आं?"

"कचरा नको मला!"

"मग काय पायजे?"

केसरीनाथनं छाती भरून श्वास घेतला, आणि त्याच क्षणी लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले. अख्ख्या गल्लीत इतकी शांतता पसरली की कावळासुद्धा दचकला असेल. आणि त्या शांततेत केसरीनाथचा आवाज घुमला—

"मला तुमची हौसाच पायजे!"

गॅलऱ्यांमधून डोकी बाहेर आली. लुमांमागून कारागीर वाकून बघायला लागले.

"क्या माँगा रे?" एकानं विचारलं.

"अनंताभाऊ की लड़की माँग रहा है," दुसऱ्यानं सांगितलं. "वो भी गला फाड़के."

केसरीनाथचे कान लाल झाले होते. पण तो जागचा हलला नाही. अनंतानं पाना हळूच खाली ठेवला. आवाज नव्हता, तरी तो सवयीनं मोठ्यानंच बोलला. "तुला नोकरी नाय."

"न्हाय."

"जमीन आहे ती खारी."

"हाय."

"मी पडघ्याकडची जमीन सोडून इथं आलो, ठाऊक आहे? मातीचा भरवसा नाय म्हणून. आता माझी पोर परत त्याच मातीत देऊ?"

"भरवसा माझा धरा," केसरीनाथ म्हणाला. "मातीचं मी बघतो."

तेवढ्यात अनंताला हौसा दिसली. दारात धापा टाकत उभी, केस सुटलेले, हात कोपरापर्यंत काळे.

"कुठं होतीस?"

"अंजूरला."

वरच्या गॅलरीतून सीताबाईचा "अगं बया!" एवढाच आवाज आला. कुणीतरी हसलं. केसरीनाथ तिच्याकडे बघत राहिला, नुसता बघत राहिला.

"कल्याणवाल्यांना उद्या निरोप द्यायचाय," अनंता म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "काय सांगू त्यांना?"

हौसाला वाटलं, आता नेमकं हसू येणार. पण आलं ते डोळ्यांत पाणी. "सांगा... पोरगी दिलीय म्हणून."

"दिलीय? कुणी दिलीय? मी तर नाय दिली."

"मग द्या ना, बाबा."

अनंतानं तोंड फिरवलं. एका लुमावर हात ठेवून तो उगाचच ताणलेलं सूत चाचपत राहिला. मग लाईट आली, सगळे लूम एकदम खडखडायला लागले, आणि तो काय बोलला ते कुणालाच ऐकू आलं नाही. शेवटी त्यानं केसरीनाथची मान धरून त्याचा कान ओढला आणि त्यात ओरडला, "रविवारी येतो! आधी जमीन बघतो!"

रविवारी अनंतानं जमीन बघितली. कुणाशी न बोलता त्यानं सगळ्या वावराला फेरी घातली. पांढऱ्या भागातली माती जिभेला लावून थुंकली. हिरव्या पट्ट्यातली मूठभर उचलली, चुरली, नाकाशी नेली, आणि ती मूठ तशीच धरून तो बांधावर बसला. शेडमध्ये एवढी वर्षं काढलेला माणूस. पण त्या वेळी तो पडघ्याच्या कुठल्यातरी वावरात बसलाय असं सीताबाईला वाटलं.

"त्या कोपऱ्याला पाणी तुंबतंय," अखेरीस तो केसरीनाथला म्हणाला. "तिथून पाट काढ. मीठ धुऊन जाईल. एकट्याला जमणार नाय... मी येईन पुढच्या सुट्टीला. कुदळ आहे ना दुसरी?"

आक्कानं दोन्ही हात जोडून आभाळाकडे पाहिलं. "सीताबाय, व्याही बोलले गो!"

मग घरात गूळ शोधायची धांदल उडाली. बायजाबाई, जिला कुणी बोलावलं नव्हतं, ती वैशाखातले मुहूर्त सांगायला लागली. त्या गडबडीत हौसा आणि केसरीनाथ बांधाच्या टोकाशी मागं राहिले. कुणी मुद्दाम ठेवलं की काय, देव जाणे. ओहोटी लागली होती. चिखलात बगळे उभे होते.

"मी रुसलो नव्हतो," तो म्हणाला. "घाबरलोवतो. म्हटलं, पोरगी कारकुनाच्या घरची होनार, तिला मी काय देनार? मेथी?"

"मला विचारायचं होतं."

"चुकलं." त्यानं बांधावरचं ढेकूळ पायानं चुरलं. "त्या दिवशी मी तिकडं येत व्हतो, तुमी इकडं. वाट तीच. मग दिसलो कसं न्हाय एकमेकांना?"

"मी टांग्यात डोळे मिटून बसले होते."

"का?"

"पाठ करत होते. तुम्हाला भेटल्यावर काय बोलायचं ते."

त्याचे डोळे हसायला लागले. "मग? बोला ना आता."

हौसानं तोंड उघडलं. मिटलं. बगळ्यांकडे पाहिलं. "...विसरले."

"सगलं?"

"सगळं. एवढंच आठवतंय..." आणि ती इतक्या हळू बोलली की त्याला दोन पावलं जवळ यावं लागलं, मान वाकवावी लागली, तिच्या ओठांशी कान न्यावा लागला. तिनं सांगितलं. तो वाकलेलाच राहिला.

"ऐकू आलं न्हाय," तो म्हणाला.

"आलंय. कान लाल झालेत तुमचे."

"न्हाय आलं. परत सांग."

तो 'सांगा' म्हणाला नव्हता, 'सांग' म्हणाला होता. तिकडून आक्का हाका मारत होती, गूळ सापडला म्हणून. हौसानं तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं परत सांगितलं.